दुखणं देहाचं की संसाराचं?

बाईच्या लैंगिक आरोग्याबद्दल मराठीत लिहिणं-बोलणं नवं नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. कामसुखावर पुरुषाइतकाच बाईचाही हक्क आहे, हे त्यांनी त्यात पुन्हापुन्हा मांडलं. वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कोर्टात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले, पण वाचकांचे प्रश्न थांबले नाहीत.

आज या प्रश्नांची उत्तरं देणाऱ्यांत दोन बाजू दिसतात. एक बाजू म्हणते, हा शरीराचा विषय आहे. संप्रेरकं, नसा, स्नायू, जंतुसंसर्ग यांची तपासणी करा, औषध द्या, बाईला बरं करा. दुसरी म्हणते, बाईचं शरीर तिच्या दिवसापासून वेगळं काढता येत नाही. तिची झोप, तिचं काम, तिची भीती आणि तिचा नकार ऐकला जातो की नाही, हे आधी पाहा. या दोन बाजूंना समोरासमोर बसवण्यासाठी पुढचा संवाद मी रचला आहे. त्यातल्या डॉक्टर तालुक्याच्या गावी स्त्रीरोगांचा दवाखाना चालवतात. ताई मराठवाड्यातल्या गावांत बचत गटाच्या बायकांबरोबर आरोग्याचं काम करतात. दोघी कल्पनेतल्या आहेत, पण त्यांनी मांडलेले अभ्यास, आकडे आणि अडचणी खऱ्या आहेत.

आधी काय विचारायचं?

डॉक्टर: ताई, माझी पहिली तक्रार तुम्हा कार्यकर्त्यांबद्दलच आहे. बाई सांगते, संबंधाच्या वेळी दुखतं. तुम्ही लगेच विचारता, घरात काही ताण आहे का? अहो, आधी तिला तपासू तर द्या. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. तो निबंध १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार निघाला. सरासरी काढली तर एकेकीला तीनाहून जास्त आजार. ज्या बाईच्या अंगात जंतुसंसर्ग आहे, जिला आतून सूज आहे, तिला जवळीक नकोशी वाटणारच. तिच्या मनात शिरण्याआधी तिच्या पोटावर हात ठेवून पाहायला हवं.

ताई: त्याच निबंधातला दुसरा आकडा मी सांगते. त्या बायकांपैकी जेमतेम ८ टक्के जणींची त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झाली होती. आजार अंगात होता हे खरंच. पण तो वर्षानुवर्षं अंगातच का राहिला? तपासायला बाई डॉक्टर नव्हती, जायला पैसे नव्हते, सोबत येणारं कुणी नव्हतं, आणि 'पांढरं जातं' हे कुणापुढे बोलायची सोय नव्हती. जंतू तुम्ही शोधाल, औषधही द्याल. तिच्या नवऱ्याला औषध दिलं नाहीत, तर काही संसर्ग महिन्याभरात परत येतील. त्या नवऱ्याला दवाखान्यात आणायचं काम कुणाचं?

डॉक्टर: ते दोघींचं काम आहे. पण ही समस्या किती मोठी आहे ते तरी मान्य कराल? अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४३ टक्के बायकांनी इच्छा, उत्तेजना, सुख किंवा दुखणं यांपैकी काही ना काही तक्रार सांगितली.

ताई: त्या आकड्यावर नंतर बरीच टीका झाली. २००८ साली अमेरिकेतच ३१ हजारांहून जास्त बायकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथेही तक्रारीचा आकडा त्रेचाळीसच्याच आसपास आला. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, या गोष्टीचा तुम्हाला स्वतःला त्रास होतो का? तक्रारही आहे आणि त्रासही आहे, अशा बायका उरल्या १२ टक्के. माझं सगळं म्हणणं या फरकात आहे. इच्छा कमी असणं हा आपोआप आजार होत नाही. बाई समाधानी असेल आणि नवरा नाराज असेल, तर तो दोघांनी बोलून सोडवायचा प्रश्न आहे. त्यासाठी तिला एकटीला रुग्ण ठरवू नका.

डॉक्टर: हे मला पटतं. मात्र एक उलटी बाजूही आहे. 'बाईच्या जन्माला हे असंच असतं' असं जिच्या आईनं आणि सासूनं सांगितलंय, ती त्रास होतो असं म्हणणारच नाही. दुखणं गिळायची इतकी सवय झालेली असते की विचारल्यावर ती 'काही नाही, बरं आहे' असं सांगून मोकळी होते. तिला तुमच्या बारा टक्क्यांत जागा नाही. म्हणून मी 'त्रास होतो का' एवढ्यावर थांबत नाही. 'दुखतं का' हे वेगळं विचारते. इच्छा किती असावी हे ज्याचं त्यानं ठरवावं. दुखणं मात्र कुणाच्याच वाट्याला असू नये.

ताई: हे दोन प्रश्न तुम्ही वेगळे केलेत, ते बरं केलंत. इथून पुढे बोलायला आपल्याला पाया मिळाला.

वयात येताना

ताई: मुलीला पाळी आली की तिला काय सांगितलं जातं? शिवू नको, सांडू नको, मुलांशी बोलू नको. तिचं शरीर तिच्या हाती येतं ते लाजेत गुंडाळून. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम थांबवला. संस्कृतीला धोका आहे, असं कारण दिलं गेलं. त्या वेळी शाळेत असलेल्या मुली आता संसारात आहेत. त्यांना प्रश्न पडतात आणि उत्तरं मोबाईलवरच्या अश्लील चित्रफितींतून मिळतात.

डॉक्टर: लाजेचा शारीरिक परिणाम मी पाहते. पाळीत असह्य दुखणाऱ्या मुलीला 'लग्न झालं की थांबेल' असं सांगून घरी ठेवतात. त्यांतल्या काहींना एंडोमेट्रिओसिस असतो, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशींची वाढ गर्भाशयाबाहेर झालेली असते. तो वेळेवर ओळखला नाही तर पुढे संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं, मूल राहायलाही अडचण येऊ शकते. पाळीच्या दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर त्या मुलीची तपासणी व्हायला हवी.

लग्नानंतरची पहिली वर्षं

डॉक्टर: माझ्याकडे लग्नाला दोन-तीन वर्षं झालेली जोडपी 'मूल होत नाही' म्हणून येतात. तपासायला घेतलं की कळतं, संबंध एकदाही पूर्ण झालेला नाही. प्रयत्न केला की योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात. तिच्या इच्छेचा त्यावर ताबा नसतो. याला व्हजायनिस्मस म्हणतात. घरचे म्हणतात ती नाटक करते, हट्टी आहे, हिचं दुसरीकडे काही असेल. मी त्यांना सांगते, डोळ्यांजवळ बोट नेलं की पापणी मिटते, तसंच हे आहे. स्नायू सैल सोडण्याचे व्यायाम, फिजिओथेरपी, लहानापासून मोठ्या आकारापर्यंतचे डायलेटर आणि समुपदेशन यांनी बहुतेक जणी बऱ्या होतात. आता सांगा, हे दुखणं संसाराचं की शरीराचं?

ताई: स्नायू शरीराचे आहेत, पण ते आवळायला कुणी शिकवलं? पहिल्या रात्री रक्त आलंच पाहिजे, असा धाक तिला घातलेला असतो. तुम्हीच सांगा, ते खरं आहे का?

डॉक्टर: मुळीच नाही. कित्येकींना पहिल्या वेळी रक्त येत नाही. योनिपटल प्रत्येकीचं वेगळं असतं, त्यावरून कौमार्य ठरवता येत नाही. बलात्काराच्या तपासणीतली दोन बोटांची चाचणीही सर्वोच्च न्यायालयाने अवैज्ञानिक आणि अपमानकारक ठरवली आहे. २०२२ साली तर ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल, असं बजावलं.

ताई: आणि पुढची गोष्ट सुखाची. त्याबद्दल तर कुणीच बोलत नाही.

डॉक्टर: मी बोलते. शिश्निका हा बाईच्या सुखाचा मुख्य अवयव. ऑस्ट्रेलियातल्या युरोलॉजिस्ट हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ साली शवविच्छेदनातून दाखवलं की बाहेर दिसतो तो या अवयवाचा अगदी छोटा भाग आहे. बाकीचा भाग आत योनीच्या दोन्ही बाजूंनी पसरलेला असतो. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत त्याचं नीट वर्णन नव्हतं. केवळ योनीसंबंधाने बहुसंख्य बायकांना परमसुख मिळत नाही, हे शरीररचनेमुळे आहे. पण बाईला वाटतं, दोष आपल्यातच आहे. नवऱ्याला वाटतं, ही थंड आहे. ही साधी माहिती दोघांना दिली, तरी निम्मं भांडण मिटतं.

ताई: माहिती द्याच. पण तिला नको असेल तेव्हा काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ८२ टक्के बायकांनी सांगितलं की नको असेल तर आम्ही नवऱ्याला नाही म्हणू शकतो. म्हणजे दर सहा बायकांतली साधारण एक नाही म्हणू शकत नाही. तिनं कोर्टात जायचं ठरवलं तरी कायदा तिच्या मागे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही जुना अपवाद कायम आहे. बायको अठरा वर्षांच्या वर असेल तर नवऱ्यानं केलेला जबरदस्तीचा संबंध बलात्कार ठरत नाही. जिला नकार देता येत नाही, तिच्या होकाराला अर्थ काय? तिची इच्छा मेली, तर तिला कुठलं औषध देणार?

डॉक्टर: कुठलंच नाही. तिथे आधी तिची सुरक्षितता पाहायची. तपासताना जखमा, वळ, अचानक दचकणं दिसलं तर नवऱ्याला बाहेर बसवून बोलावं, हे मला शिकावं लागलं. वैद्यकीय शिक्षणात ते पुरेसं शिकवलं जात नाही.

बाळंतपणानंतर

डॉक्टर: बाळंतिणीच्या बाबतीत मात्र तुम्ही मला शरीराचं बोलू द्या. अंगावर पाजणाऱ्या बाईत प्रोलॅक्टिन वाढलेलं असतं आणि इस्ट्रोजेन खूप कमी झालेलं असतं. पाळी गेलेल्या बाईला येतो तसाच योनीचा कोरडेपणा पंचविशीतल्या बाळंतिणीला येतो. त्यात टाक्यांची जखम, अपुरी झोप आणि रक्तक्षय. त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी होतं. ही बाई दिवसभर थकलेली असते. 'तिचं माझ्याकडे लक्ष राहिलं नाही' असं म्हणणाऱ्या नवऱ्याला मी हे सगळं समजावून सांगते. कोरडेपणासाठी पाण्यात विरघळणारं बुळबुळीत जेल औषधाच्या दुकानात मिळतं, पाजतानाही ते चालतं. पण घाई करू नका.

ताई: आपल्याकडे सव्वा महिन्याची प्रथा आहे, माहेरच्या बाळंतपणाची प्रथा आहे. विटाळाची कल्पना मला मान्य नाही, पण त्या निमित्तानं बाईला विश्रांती आणि नवऱ्यापासून अंतर मिळत होतं, हे नाकारता येत नाही. ज्यांना माहेर परवडत नाही, ज्या तांड्यावर किंवा फडावरच बाळंत होतात, त्यांना तेवढंही मिळत नाही. आठ-दहा दिवसांत त्या डोक्यावर मोळी घेतात. मग अंग बाहेर येतं.

डॉक्टर: गर्भाशय खाली उतरतं ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडल्यामुळे. बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी त्याला हातभार लावतात. लघवी रोखताना आवळतो तेच स्नायू रोज काही वेळ आवळून सोडायचे, हा व्यायाम अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली मांडला. खर्च शून्य. संबंधातलं सुख, खोकताना होणारी लघवी आणि सुरुवातीचं अंग बाहेर येणं, या तिन्हींत त्याचा उपयोग होतो. पण सव्वा महिन्यानं जादू होत नाही, ताई. त्या सुमारास आई बाळाला लस द्यायला येते. तेव्हा आईलाही विचारायला हवं, टाके भरले का, दुखतं का, मन उदास आहे का. आपण बाळाचं वजन करतो आणि आईला घरी पाठवतो.

ताई: हे काम गावातल्या आशा कार्यकर्तीला शिकवता येईल. ती बाळंतिणीच्या घरी जातेच.

तिशी-चाळिशी

ताई: या वयातल्या बायकांना मी विचारलं, जवळीक का नको वाटते? पहिलं उत्तर येतं, दिवस राहायची भीती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांच्या नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुषांच्या नसबंदीचं ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन सोपं, तरी पोट फाडून घेते ती बाईच. दुसरं उत्तर, एकाच खोलीत मुलं आणि सासू झोपतात. तिसरं उत्तर, पहाटे चारला पाणी येतं. या तिन्हींवर तुमच्याकडे गोळी आहे का?

डॉक्टर: गर्भनिरोधनावर आहे, तांबी आहे. पाण्यावर नाही. पण या वयात माझ्या कामाचंही बरंच असतं. मधुमेहात नसांवर आणि रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, बुरशीचा संसर्ग वारंवार होतो. थायरॉईड कमी असेल तर थकवा आणि उदासी येते. नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांनी परमसुख उशिरा येतं किंवा येतच नाही. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. पण डॉक्टर सांगत नाहीत आणि बाई गोळीच बंद करून बसते. मधुमेही पुरुषाला त्याचे डॉक्टर कधीतरी लैंगिक अडचण विचारतात. मधुमेही बाईला कुणीही विचारत नाही.

ताई: इच्छा वाढवायची गोळीही निघाली आहे ना?

डॉक्टर: फ्लिबॅन्सेरिन. अमेरिकेच्या औषध नियामकांनी आधी दोनदा नाकारली आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये, पाळी न थांबलेल्या बायकांसाठी मंजूर केली. रोज घ्यायची. साखरेच्या गोळीच्या तुलनेत महिन्याकाठी समाधानाचे प्रसंग सरासरी अर्ध्या ते एकानं वाढले. चक्कर, गुंगी, रक्तदाब घसरणं हे दुष्परिणाम, आणि मद्याबरोबर धोका. मी स्वतः ती कुणाला सुचवणार नाही. पण त्या निमित्तानं बाईच्या इच्छेवर संशोधन झालं, याचं मला समाधान आहे. पुरुषांसाठी व्हायग्रा १९९८ सालीच आली होती.

ताई: मला त्यात वेगळी भीती वाटते. आधी आजाराची व्याख्या रुंद करायची, मग त्या आजाराचं औषध विकायचं. रोझमेरी बॅसन या कॅनडातल्या डॉक्टरांनी २००० साली मांडलं की अनेक बायकांत इच्छा आधी येतेच असं नाही. मायेचा स्पर्श, निवांतपणा आणि सुरक्षित वाटणं यांतून ती मागून जागी होते. ही नैसर्गिक पद्धत आहे. पुरुषाच्या इच्छेच्या मापानं तिला मोजलं तर निम्म्या बायका आजारी ठरतील.

डॉक्टर: बॅसन यांचं मीही जोडप्यांना सांगते. फक्त त्याचा अर्थ 'तिला नसली तरी सुरू करा, मग येईल' असा कुणी घेऊ नये. सुरुवातीला तिचा मनापासून होकार हवाच.

पिशवी काढताना

ताई: आता बीडबद्दल बोलते. ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढण्याची प्रकरणं गाजली, तेव्हा २०१९ साली राज्य सरकारनं समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींचं वय तिशीतलं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर आलं नाही तर खाडा पडतो, म्हणजे दंड. पाळीत फडावर पाणी नाही, संडास नाही. पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून दवाखान्यात गेलं, तर 'पिशवी सडली, कॅन्सर होईल' असं सांगितलं जातं. इथे आजार कुठे संपतो आणि मजुरी कुठे सुरू होते?

डॉक्टर: या प्रकरणात माझ्या पेशाला मान खाली घालावी लागते. संसर्गाला औषध असतं. गर्भपिशवी काढणं हा शेवटचा उपाय आहे. तिशीत पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली, तर त्याच दिवसापासून इस्ट्रोजेन जवळजवळ बंद होतं. पाळी हळूहळू थांबते तेव्हा शरीराला जो वेळ मिळतो, तो मिळतच नाही. अंग तापणं, झोप उडणं, कोरडेपणा, इच्छा घटणं, पुढे हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकाराचा धोका वाढणं. बाईच्या शरीरातलं टेस्टोस्टेरॉनही बऱ्याच अंशी अंडाशयातून येतं, तेही घटतं. अशा बाईला पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरकं द्यायला हवीत, तिला मनाई करणारा दुसरा आजार नसेल तर. ती देणं सोडा, अंडाशयं काढली आहेत की ठेवली आहेत हेसुद्धा अनेकींना माहीत नसतं.

ताई: म्हणून गटात आम्ही सांगतो की ऑपरेशनचा कागद जपून ठेवा. त्यात काय काढलं ते लिहिलेलं असतं.

डॉक्टर: आणि ऑपरेशनच्या आधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. पिशवीतली गाठ, रक्तस्राव किंवा कर्करोग असेल तर ऑपरेशन जीव वाचवतं, त्याची भीती घालू नका. गाठीमुळे रक्त जात असलेल्या कित्येकींचं जगणं आणि सहजीवन ऑपरेशननंतर सुधारतं. सरसकट विरोध करणंही चूक आहे.

पाळी गेल्यावर

डॉक्टर: आपल्याकडे सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास पाळी थांबते. पुढे बाई तीस-तीस वर्षं जगते. अंगातून वाफा जाणं बहुतेकींत काही वर्षांत कमी होतं. योनीचा कोरडेपणा, जळजळ, वारंवार होणारा लघवीचा संसर्ग मात्र आपोआप थांबत नाही, वाढत जातो. त्यावर इस्ट्रोजेनचं अगदी कमी मात्रेचं मलम योनीत लावायचं असतं. रक्तात ते फारसं जात नाही. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईनं आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारून ठरवावं, बाकीच्यांसाठी हा सुरक्षित आणि साधा उपाय आहे. तरी तो दिला जात नाही. कारण २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातला संप्रेरकांच्या गोळ्यांचा भाग थांबवला गेला आणि जगभर भीती पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. पुढच्या विश्लेषणात दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यावर दहा वर्षांत गोळ्या सुरू केल्या तर धोका बराच कमी असतो.

ताई: भीतीपेक्षा मोठं कारण मला वेगळं दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांच्या मुलाखती १५ ते ४९ याच वयात घेतल्या जातात. म्हणजे मूल होण्याचं वय संपलं की बाई मोजायची बंद. पन्नाशीची बाई 'जळजळ होते' असं सांगते, तेव्हा घरचे म्हणतात, आता या वयात तुला काय करायचंय? सून घरात आली की सासूनं वेगळ्या खोलीत निजायचं. विधवेच्या आणि एकट्या बाईच्या वाट्याला तर इच्छा हा विषयच येत नाही.

डॉक्टर: आणि ही जळजळ केवळ संबंधाची नसते. ती बसताना होते, चालताना होते, लघवीला होते. एकटी राहणारी, संबंध नको असलेली बाईसुद्धा उपचाराची हक्कदार आहे.

ताई: उलटही खरं. ज्या बाईला या वयात मोकळं वाटतं, दिवस राहायची भीती गेली म्हणून जिला पहिल्यांदा सुख कळतं, अशाही बायकांचं मी ऐकलं आहे. पाळी जाणं हा प्रत्येकीसाठी शेवट नसतो. आणि जिला आता हे सगळं पुरे झालं, तिलाही तसं म्हणू द्या.

दोघींना ऐकल्यावर

या वादात एकीला विजयी ठरवणं मला शक्य वाटत नाही, पण दोघींना मिळून एक क्रम सापडला आहे आणि तो मला बरोबर वाटतो. पहिला प्रश्न, दुखतं का? त्याचं उत्तर होय असेल तर तपासणी आणि उपचार, मग वय कोणतंही असो आणि बाई विवाहित असो वा नसो. इथे डॉक्टर बरोबर आहेत. दुसरा प्रश्न, तुम्हाला हवं आहे का, आणि नको म्हणता येतं का? इथे ताई बरोबर आहेत. त्याचं उत्तर गोळीत नाही, घरात आणि कायद्यात आहे. तिसरा प्रश्न, हा त्रास तुमचा आहे की दुसऱ्या कुणाचा? त्याचं उत्तर फक्त त्या बाईनं द्यायचं, तेही एकटीनं, नवरा आणि सासू दाराबाहेर असताना.

हे तीन प्रश्न विचारायला मोठं यंत्र लागत नाही. मधुमेहाच्या तपासणीत, बाळाच्या लसीच्या दिवशी, तांबी बसवताना, पिशवी काढायचा कागद भरण्याआधी आणि पाळी थांबल्यावर ते विचारता येतात. माझी डॉक्टरांना विनंती आहे की बाई बोलेल याची वाट पाहू नका, तुम्ही विचारा. नवऱ्यांना विनंती आहे की तिच्या थकव्याला थंडपणा म्हणू नका, घरातलं काम उचला आणि तिचा नकार ऐका.

बायकांना एवढंच सांगायचं आहे. संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला असेल, दुर्गंधीचं पांढरं जात असेल, किंवा बाळंतपणाला दोन महिने होऊनही दुखत असेल, तर थांबू नका. या आठवड्यात दवाखान्यात जा आणि जे होतंय ते आहे त्याच शब्दांत सांगा. एका डॉक्टरनं ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जा. दुखणं सोसणं हे बाईचं कर्तव्य नाही.